चेन्नईचा पावसाळा आणि दारची मोटार

आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास पाऊस ओसरून आकाश निवळू लागते. चेन्नईत मात्र त्याच वेळी खऱ्या पावसाळ्यास आरंभ होतो. पुण्याहून कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर आणि वेल्लोर अशा मार्गाने मोटारीने जाणाऱ्या प्रवाशास हा ऋतुभेद विशेष जाणवतो. ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत ईशान्येचे वारे या शहरावर वर्षातील निम्म्याहून अधिक पाऊस पाडतात. किनाऱ्यालगतची भूमी सपाट असल्याने पाणी लवकर ओसरत नाही.

शहराच्या दक्षिणेस जुना महाबलीपुरम रस्ता आहे. त्यालाच आज राजीव गांधी सालै म्हणतात. तारामणी येथे २००० साली टायडेल पार्क उभे राहिले आणि पुढे या रस्त्याच्या दुतर्फा संगणक-व्यवसायाच्या इमारती झाल्या. येथील सहस्रावधी कुटुंबांची उपजीविका लॅपटॉपवर चालते. म्हणूनच वीज गेली म्हणजे केवळ दिवा विझत नाही, तर दिवसाचे कामही थांबते.

तसे प्रसंग या शहरावर वारंवार आले आहेत. २०१५ च्या डिसेंबरच्या आरंभी अड्यार नदीचे पाणी घरांत शिरले, तेव्हा अपघात टाळण्यासाठी अनेक भागांतील वीज बंद ठेवावी लागली. १२ डिसेंबर २०१६ रोजी ‘वरदा’ चक्रीवादळाने झाडे व विजेचे खांब उन्मळून पाडले. २०२३ च्या डिसेंबरात ‘मिचाँग’ वादळाच्या पावसाने शहर पुन्हा जलमय झाले. वेळचेरीचे रहिवासी आता मोठ्या पावसाची सूचना मिळताच आपल्या मोटारी उड्डाणपुलावर नेऊन उभ्या करतात; हे दृश्य २०२४ च्या ऑक्टोबरातही दिसले.

अशा वेळी कोरड्या जागी उभी असलेली मोटार हे एक लहानसे वीजघरच होय. याच शहरात १८९५ पासून १९५३ पर्यंत विजेची ट्राम धावत असे. ती शहराकडून वीज घेई. आज संकटकाळी वाहनच घराला वीज देते!

परंतु या वीजघराचे मोजमाप आपण जाणले पाहिजे. लहान मोटारीची बॅटरी साधारणपणे १२ व्होल्ट आणि ३५ अँपिअर-तासांची असते, म्हणजे कागदावर सुमारे ४२० वॅट-तास. लॅपटॉपच्या बॅटरीत सुमारे ५० वॅट-तास मावतात; इन्व्हर्टरमध्ये व चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरली तर एकदा ती भरण्यास ६५ वॅट-तास लागतात. यावरून सहा वेळा भरता येईल असे वाटेल. पण तसे करू नये. मोटारीची बॅटरी क्षणभर मोठा प्रवाह देऊन इंजिन सुरू करण्यासाठी घडवलेली असते. ती खोलवर रिकामी झाली की तिचे आयुष्य घटते. इंजिन बंद असताना दोनदा लॅपटॉप भरला की थांबावे. बॅटरी जुनी असेल तर एकदाच. मध्यरात्री घरातील आजाऱ्यास रुग्णालयात न्यावयाचे झाले, तर तीच मोटार सुरू झाली पाहिजे.

मोटारीतील सॉकेटचा फ्यूज बहुधा १० अँपिअरचा असतो; त्यातून सुमारे १२० वॅट मिळतात. लॅपटॉपला ४५ ते ६५ वॅट पुरतात, म्हणून १५० वॅटपर्यंतचा लहान इन्व्हर्टर चालतो. मात्र त्यावर आणखी उपकरणे जोडू नयेत. लॅपटॉप युएसबी-सी पद्धतीचा असल्यास तेवढ्या वॅटचा मोटार-चार्जर अधिक चांगला, कारण त्यात वीज कमी वाया जाते. केवळ भ्रमणध्वनीसाठी असलेला १० वॅटचा चार्जर येथे उपयोगी पडत नाही.

प्रवासात हे सारे सोपे असते, कारण इंजिन चालू असताना ऑल्टर्नेटर बॅटरी भरत राहतो. तथापि बंद गॅरेजमध्ये किंवा इमारतीच्या तळघरात इंजिन चालू ठेवू नये. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू गंधहीन आणि प्राणघातक असतो. बोनेटपर्यंत पाण्यात बुडालेली मोटार तर सुरूच करू नये. उन्हाळ्यात काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत लॅपटॉप भरण्यास ठेवणे हेही अयोग्य. लिथियमच्या बॅटरीला ४५ अंशांवरील उष्णता मानवत नाही.

वादळाची सूचना साधारणतः काही दिवस आधी मिळते. त्या अवधीत लॅपटॉप घरच्या विजेवरच पूर्ण भरावा, मोटार उंच जागी न्यावी आणि तिच्यातील वीज अडचणीच्या घटकेसाठी राखावी. चेन्नईकरांनी अनुभवाने मिळवलेले हे शहाणपण मुंबईच्या वा कोल्हापूरच्या पुरातही तितकेच उपयोगी आहे.