चढावरचा तिसरा गिअर

फोक्सवागनची जुनी कॅम्पर व्हॅन चढाला लागली की चालवणाऱ्याचा सगळा जीव कानांत गोळा होतो. मागे 1584 सीसीचं, जेमतेम 50 अश्वशक्तीचं इंजिन. त्याच्या जिवावर पलंग, शेगडी, कपाटं, पाण्याची टाकी आणि घरची माणसं. भरल्या गाडीचं वजन दोन टनांच्या घरात जातं. आल्प्समधल्या स्टेल्व्हिओ खिंडीची 48 वळणं अशा गाडीतून चढायची, तर घाई घरी ठेवूनच निघावं.

नवखा माणूस चढावर चौथा गिअर सोडत नाही. इंजिन मुकाट चाललंय, म्हणजे सुखात आहे, असं त्याला वाटतं. पण हे इंजिन हवेवर थंड होणारं आहे. ना रेडिएटर, ना पाणी. पंखा डायनामोच्या दांड्यावर बसवलेला, आणि डायनामो फिरवणारा बेल्ट इंजिनच्या पुलीवर. इंजिन जेवढं फिरेल तेवढाच वारा. चौथ्यात आरपीएम पडतात, पाय मात्र अ‍ॅक्सिलरेटरवर तळापर्यंत दाबलेला. आत आग पुरेपूर, वारा तुटपुंजा. तेलाचा दाबही उतरतो. तिसरा टाकला की गाडी मोठ्यानं गाऊ लागते, कपाटातल्या बशा किणकिणतात, आणि पंख्याचा वारा सिलिंडरांवर भरभरून पडतो. तो गोंगाट मला फार प्रिय आहे.

समोर तापमान दाखवणारा काटा नाही. चार्जिंगचा एक लाल दिवा मात्र आहे. इतर गाड्यांत तो लागला तर बॅटरीची काळजी करत गॅरेजपर्यंत जाता येतं. इथं बेल्ट तुटला असेल तर पंखाही थांबलेला असतो, म्हणून दिवा दिसताच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करायचं. तापण्याची पहिली झळ बहुधा तिसऱ्या सिलिंडरला. जुन्या रचनेत ऑइल कूलर नेमका त्याच्याच वाऱ्याच्या वाटेत उभा होता; 1971च्या मॉडेलपासून तो बाजूला सरकवला.

1950मध्ये पहिली व्हॅन आली तेव्हा तर ताकद 25 अश्वशक्तीच होती. म्हणून मागच्या चाकांपाशी वेग आणखी उतरवणारे जादा गिअर दिले. ही युक्ती युद्धकाळातल्या क्यूबेलवागन या लष्करी गाडीची. हे जादा गिअर 1967पर्यंत टिकले. गाडी रखडत जाई, पण चढाला हार जात नसे. पुढे 1.7 लिटरच्या इंजिनाबरोबर ऑटोमॅटिकही मिळू लागला. सपाट रस्त्यावर त्याचं सुख मान्य. घाटात मात्र गिअरचा तो लांबलचक दांडाच हाती असावा. गिअरबॉक्स पार मागे, त्यामुळे दांडा खिचडीत डाव फिरवल्यासारखा ढिला लागतो, पण कुठला गिअर कधी टाकायचा हे आपल्या हातात राहतं.

असेच घाट चढत, इस्तंबूल, तेहरान, काबूल, खैबर खिंड करत एके काळी अशा कितीतरी व्हॅन थेट गोव्यात, हणजुण्याच्या किनाऱ्यावर येऊन थांबत. 1979मध्ये इराण आणि अफगाणिस्तान पेटले आणि ती वाट मिटली.

आता काही जण या जुन्या व्हॅनमध्ये सुबारूचं दणकट इंजिन बसवतात. चढ झपाट्यानं सरतो खरा, पण गिअरबॉक्स मूळचाच ठेवला तर ताण त्याच्या दातांवर जातो. मला ते पटत नाही. मागे गाड्यांची रांग लागली तर रुंद जागा बघून बाजूला व्हावं, सगळ्यांना पुढे जाऊ द्यावं, आणि पुन्हा पहिल्यातून दुसऱ्यात घेत चढाला लागावं.