उजव्या हाताला समुद्र

आपल्या गोव्यातल्या मराठी घरांत आता कॅलिफोर्नियाला कोणीतरी असतंच. मुलगा, भाची, निदान शेजारणीची सून. आई-बाबा तिकडे पाच-सहा महिने राहून येतात आणि काय पाहिलं विचारलं तर उत्तर ठरलेलं: गोल्डन गेट पूल, युनिव्हर्सल स्टुडिओ, लास वेगास, लिव्हरमोरचं देऊळ आणि कॉस्टको. सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस प्रवासही झालेला असतो, पण आतल्या पाच नंबरच्या हमरस्त्यानं, सहा तासांत, डुलक्या काढत. किनाऱ्याचा एक नंबरचा रस्ता मात्र राहून जातो. का, तर "समुद्र काय, आपल्याकडेही आहे."

मागच्या वर्षी चवथ आटोपून मी आई-बाबांना घेऊन सॅन होजेला भावाकडे गेले, तेव्हा आम्ही पाच जणांनी हा रस्ता चार रात्रींत केला. बाबा चौऱ्याहत्तरचे, गुडघे कुरकुरणारे. आई मासे खाणारी, पण सोमवार-गुरुवार पाळणारी. अशी माणसं बरोबर असली की प्रवासाचे व्हिडिओ फारसे कामाला येत नाहीत. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. तुम्ही तिकडे असाल, किंवा आई-बाबांना घेऊन जाणार असाल, तर उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे जा. तिकडे गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे दक्षिणेला जाताना समुद्र तुमच्याच बाजूला असतो आणि कड्यावरच्या थांब्यांवर गाडी सहज बाजूला घेता येते. दुसरी गोष्ट, जून ते ऑगस्ट टाळा. त्या दिवसांत तिथे अनेकदा दुपारपर्यंत दाट धुकं असतं आणि समोरचा समुद्र ऐकू येतो, दिसत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यांत चांगले. तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची: निघण्याच्या आदल्या दिवशी रस्ता उघडा आहे का ते राज्याच्या वाहतूक खात्याच्या, म्हणजे कॅलट्रान्सच्या संकेतस्थळावर पाहा. बिग सरचा भाग डोंगर कापून केलेला आहे आणि तो डोंगर अजून स्थिरावलेला नाही. 2017 च्या मे महिन्यात मड क्रीक इथे अख्खी डोंगरउतरण रस्त्यासकट समुद्रात गेली. तो तुकडा पुन्हा सुरू व्हायला 2018 चा जुलै उजाडला. अशा वेळी गुगलवर दोन ठिकाणं जवळ दिसतात, पण आतून शंभर मैलांहून मोठा वळसा पडतो.

आम्ही सोमवारी सकाळी निघालो, हाफ मून बे गाठलं आणि तिथून खाली वळलो. पहिलं जेवण पेस्काडेरोला. एका रस्त्याचं गाव, आणि त्यात 1894 पासून चाललेलं दुआर्तेज टॅव्हर्न. पाटी पाहून बाबा खूश. दुआर्ते म्हणजे आपल्या मडगावातलं आडनाव! मूळ घराणं पोर्तुगीज. तिथली माणसं मात्र त्याचा उच्चार 'डूआर्ट्स' करतात, तो बाबांना अजिबात पटला नाही. इथलं आर्टिचोकचं सूप आणि ओलालीबेरीचा पाय प्रसिद्ध आहे. आर्टिचोक ही या पट्ट्यातली भाजी. पुढे कॅस्ट्रोव्हिल गावाचा तर सारा संसारच तिच्यावर. उकडलेलं अख्खं आर्टिचोक समोर आलं की घाबरू नका. एकेक पाकळी ओढायची, लोण्यात बुडवायची आणि दातांनी गर ओरबाडून चोथा बाजूला ठेवायचा. शेवग्याची शेंग खाणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. आईनं दोन मिनिटांत चोथ्याचा ढीग केला. एक सूचना: अमेरिकेत भाजीचं सूपही पुष्कळदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. सोमवार असेल तर 'व्हेजिटेरियन आहे का' एवढं विचारून भागत नाही, 'चिकन ब्रॉथ आहे का' असं स्पष्ट विचारा.

तिथून पुढे डॅव्हनपोर्टच्या अलीकडे स्वँटन बेरी फार्मचा ठेला आहे. स्ट्रॉबेरी, जॅम, केक घ्यायचे आणि हिशेब आपणच करून पैसे डब्यात टाकायचे. लक्ष ठेवायला कोणी नाही. सुटे डॉलर जवळ असू द्या.

माँटेरेला दोन रात्री राहा, एक पुरत नाही. इथे समुद्राचा स्वभाव कळतो. पाण्याचं तापमान बारा-चौदा अंश; पाय बुडवले की आईच्या भाषेत 'हाडं वाजतात'. पोहण्याचा विचार सोडा, आणि लाटांकडे पाठ करून फोटो काढू नका. तिथे अधूनमधून एखादी लाट बाकीच्यांच्या बरीच पुढे येते आणि माणसाला ओढून नेते. पण हाच गारठा या समुद्राची श्रीमंती आहे. वाऱ्यानं वरचं पाणी बाहेर लोटलं जातं आणि खोलातलं थंड, पोषक पाणी वर येतं. शिवाय मॉस लँडिंगच्या धक्क्यापासूनच समुद्राखाली एक दरी सुरू होते आणि पुढे ती साडेतीन किलोमीटरहून खोल जाते. म्हणून देवमासे इथे किनाऱ्याच्या इतके जवळ येतात. एप्रिल ते नोव्हेंबर हंपबॅक, हिवाळ्यात करडे देवमासे. बोटीची फेरी तीन-चार तासांची असते, बोट चांगलीच हलते. बाबा किनाऱ्यावर थांबले आणि तेच शहाणपणाचं ठरलं.

ज्यांना बोट झेपणार नाही त्यांना माँटेरे बे अ‍ॅक्वेरियमला न्या. तिकीट महाग आहे, पण पूर्ण दिवस जातो आणि जागोजागी बसायला बाकं आहेत. 28 फूट उंच काचेच्या टाकीत केल्प नावाच्या समुद्रशेवाळाचं जिवंत रान डुलत असतं. मोकळ्या समुद्रात हे शेवाळ दिवसाला फूटभरसुद्धा वाढतं. हे मत्स्यालय 1984 मध्ये उघडलं ते मासळीच्या डबाबंद कारखान्याच्या जागेवर. कॅनरी रो ही सगळी गल्लीच कारखान्यांची होती, जॉन स्टाइनबेकच्या 1945 च्या कादंबरीतली. कारखान्यांत भरत होते ते तारले. रात्रंदिवस उपसले, आणि चाळीसचं दशक सरता सरता तारले गायबच झाले. कारखाने एकामागून एक बंद पडले. आज त्या इमारतींत टी-शर्ट आणि टॉफी विकतात. पर्ससीनच्या जाळ्यांवरून आपल्याकडे वाद चालू असतो तेव्हा मला ही गल्ली आठवते.

आता खाणं. फिशरमन्स वॉर्फवर दुकानांच्या दारात क्लॅम चाउडरचे छोटे कप फुकट चाखायला देतात. क्लॅम म्हणजे आपल्या तिसऱ्यांच्याच कुळातले, आणि चाउडर म्हणजे बटाटे घालून दुधा-सायीत केलेलं त्यांचं दाट कालवण. आंबूस पावाचं वाडगं करून त्यात वाढतात. आईची पहिली प्रतिक्रिया, "दूध आणि मासळी एकत्र? अंगाला फुटेल." चाखलं तरी मत बदललं नाही. माझं मत वेगळं: थंड वाऱ्यात ते गरम वाडगं हातात धरायलाच छान वाटतं. बहुतेक ठिकाणी त्यात बेकन, म्हणजे डुकराचं मांस असतं; चालत नसेल तर आधी विचारा. आईला रुचलं ते चपिनो: टोमॅटोच्या तांबड्या रश्शात खेकडा, शिंपल्या, कोळंबी, मासा सगळं एकत्र. सॅन फ्रान्सिस्कोच्या इटालियन कोळ्यांचा हा पदार्थ. "नारळ नाही, पण हात बरा आहे," असं प्रमाणपत्र मिळालं. आणि मेनूत सँडडॅब दिसला तर सोडू नका. आपल्या लेपासारखा चपटा, नाजूक मासा, नुसता लोण्यात परतलेला. एक ताट दोघांना पुरतं. टीप अठरा-वीस टक्के धरून चाला, आणि आठच्या आत जेवायला बसा. लहान गावांत स्वयंपाकघरं लवकर बंद होतात.

कार्मेलपासून सॅन सिमियनपर्यंतचे सुमारे दीडशे किलोमीटर म्हणजे बिग सर. न थांबता तीन तास, पण पूर्ण दिवस ठेवा. पेट्रोल आधी भरा, नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. मधे बराच वेळ रेंज नसते आणि पेट्रोल मिळालं तर भाव ऐकून गप्प व्हाल. पॉइंट लोबोस, 1932 चा बिक्सबी पूल, सरळ वाळूवर पडणारा मॅकवे धबधबा: हे तीन थांबे पुरे. जेवायला नेपेंथे, 1949 पासूनचं, उंच कड्यावर. पदार्थ साधे, किंमत तिथल्या देखाव्याची. आम्ही सँडविच आणि कॉफीवर भागवलं आणि दीड तास बसलो.

तिथे बसल्यावर बाबांनी विचारलं, "इतका सुंदर किनारा, आणि एकसुद्धा हॉटेलची रांग कशी नाही?" प्रश्न गोव्याच्या माणसालाच पडणार. त्याचं उत्तर बऱ्याच अंशी कायद्यात आहे. 1972 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी स्वतः मतदान करून किनारा आयोग आणला आणि 1976 मध्ये त्याचा कायमचा कायदा झाला. किनाऱ्यालगत बांधायचं तर परवानगी लागते, आणि भरतीरेषेखालची ओली वाळू सगळ्यांची. मागे कितीही श्रीमंताचा बंगला असो. वाटा अडवल्याबद्दल तिथे भांडणं होतात, कोर्टकचेऱ्या होतात, आणि लोक जिंकतातही. आपल्याकडेही 1991 पासून सीआरझेड आहे. पुढचं मी सांगायला नको.

सॅन सिमियनच्या थोडं अलीकडे पिएद्रास ब्लांकास इथे गाडी थांबवा. या अख्ख्या प्रवासात एकच जागा निवडायला सांगितली तर मी हीच निवडेन. तिकीट नाही, चढ नाही, रस्त्यालगत वाहनतळ आणि लाकडी फळ्यांची सपाट वाट, गुडघेदुखीवाल्यांसाठी आदर्श. खाली वाळूवर एलिफंट सील पडलेले असतात. मोठा नर दोन हजार किलोंचा. तेलासाठी एकोणिसाव्या शतकात त्यांची इतकी कत्तल झाली की मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटावर तेवढे मूठभर उरले. 1922 मध्ये मेक्सिकोनं त्यांना संरक्षण दिलं. हळूहळू ते उत्तरेकडे पसरले, आणि 1990 मध्ये या किनाऱ्यावर पहिले काही आले. आज इथे हजारोंनी येतात. निळ्या जाकिटातले स्वयंसेवक, बहुतेक निवृत्त माणसं, न कंटाळता माहिती सांगतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत गेलात तर पिल्लं आणि नरांच्या लढाया दिसतील. आम्ही गेलो तेव्हा तरणे सील वाळू अंगावर उडवत लोळत होते.

बाबांचं बालपण मोरजीला गेलं. कासवांची अंडी गोळा करून आणणं तेव्हा गावात कोणाला गैर वाटत नसे, हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. तिथल्या एका आजोबांना सांगितलं, मोडक्या इंग्रजीत. आता तिथेच वनखातं कासवांची घरटी कुंपण घालून राखतं, हेही सांगितलं. आजोबांनी कासवांचे महिने विचारून वहीत लिहून घेतले. दोघे तास-दीड तास कठड्याला टेकून बोलत होते. आम्ही जेवणाची वेळ झाली म्हणून हाक मारली ती दोनदा.

रात्र कँब्रियाला काढली. बिग सरपेक्षा खोल्या पुष्कळ स्वस्त मिळतात. ज्यांना राजवाडे आवडतात त्यांनी हर्स्ट कॅसल पाहावा: वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्टसाठी ज्युलिया मॉर्गन या स्त्री वास्तुरचनाकारानं 1919 पासून जवळजवळ तीस वर्षं बांधलेला. पायऱ्या खूप आहेत, आम्ही गेलो नाही. मोरो बेला बंदरात पाणमांजरं केल्प अंगाभोवती गुंडाळून उताणी झोपलेली दिसली, तीही धक्क्यावरूनच. आपल्या चोडणच्या खारफुटीतही पाणमांजरं आहेत, पण इतकी निर्धास्त नाहीत. पुढे सँटा मारियाच्या बाजूला जिथे तिथे 'ट्राय-टिप'च्या पाट्या दिसतील. ते गोमांस असतं, एवढं लक्षात असू द्या.

सॉल्वँग हे 1911 मध्ये डेन्मार्कहून आलेल्यांनी वसवलेलं गाव, पवनचक्क्यांसकट. थोडं नाटकी आहे, पण तिथलं एबलस्कीवर खायलाच हवं. खळग्यांच्या बिडाच्या तव्यात, सळईनं फिरवत, गोल गोल. थेट आप्पे! वर पिठीसाखर आणि रासबेरीचा जॅम. पिठात अंडं असतं. वहिनीनं तो तवा विकत घेतला, आणि आता सॅन होजेत त्यात दर रविवारी रव्याचे आप्पे होतात.

सँटा बार्बराला मिल्पास स्ट्रीटवर ला सुपर-रिका नावाची टपरीवजा मेक्सिकन खानावळ आहे. रांग लागते, लागू द्या. समोरच मक्याच्या टॉर्टिया हातानं थापून तव्यावर टाकतात. भाजलेल्या मिरच्या आणि चीज घातलेले 'राहास' मागा, शाकाहाऱ्यांचीही सोय होते. घेवड्याच्या उसळीत मात्र मांस किंवा चरबी असू शकते, विचारून घ्या. नंतर 1872 च्या स्टर्न्स वॉर्फच्या लाकडी धक्क्यावर टोकापर्यंत सावकाश चालत जा. तिथून लॉस एंजेलिस दीडशे किलोमीटर, पण दुपारी दोनच्या आत निघा. उशीर झाला तर ते दीडशे किलोमीटर चार तास खातात.