संशयाच्या पायऱ्या

पेपरात 'संशयित' हा शब्द वाचला की आपण मनातल्या मनात 'गुन्हेगार' म्हणून मोकळे होतो. जर्मन कायद्यात मात्र संशयाच्या चक्क पायऱ्या आहेत. काही ठोस खूण दिसली की तो 'प्रारंभिक' संशय. मग सरकारी वकिलाने तपास सुरू केलाच पाहिजे, मर्जीचा प्रश्न नाही. आरोपपत्रासाठी 'पुरेसा' संशय लागतो, म्हणजे पुरावा पाहता सुटकेपेक्षा शिक्षेची शक्यता जास्त दिसली पाहिजे. खटल्याआधी कोठडीत ठेवायचे तर 'तीव्र' संशय हवा, शिवाय पळून जाण्याच्या भीतीसारखे एखादे कारणही. (विशेषणे शिकवताना हे उदाहरण मिळाले असते तर!) आणि संशयिताच्या बाजूचा पुरावा शोधणे हेही सरकारी वकिलाचेच काम.

कागदावर हे छान वाटते. पण ३ मे २००७ ला पोर्तुगालमधल्या प्राया दा लुझ गावातून मॅडलिन मॅककॅन ही ब्रिटिश मुलगी नाहीशी झाली. चौथा वाढदिवस नऊ दिवसांवर आला होता. जून २०२० मध्ये जर्मन तपासयंत्रणेने एका जर्मन कैद्यावर संशय असल्याचे जाहीर केले. ब्राउनश्वाइगच्या सरकारी वकिलांनी, मुलगी जिवंत नाही असे आम्ही धरून चालतो, असेही सांगितले. तो कैदी दुसऱ्या गुन्ह्याची शिक्षा भोगून सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेर आला, तेव्हाही या प्रकरणात आरोपपत्र नव्हते.

राग येतो ना? पण घाई केली आणि तो निर्दोष सुटला तर? जर्मन राज्यघटनेच्या कलम १०३ मुळे त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला भरता येत नाही. खुनाच्या बाबतीत नवा पुरावा मिळाल्यास भरता यावा असा कायदा २०२१ मध्ये केला होता, तो घटना न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला. म्हणजे भात्यात बाण एकच. खुनाच्या खटल्याला मुदत नाही, तेव्हा थांबता येते.

थांबणे मला पटते. मग आधी जगभर सांगायचे कशाला? साक्षीदार पुढे यावेत म्हणून, हे खरे. त्या माणसाचा मला कळवळा नाही, त्याचे दुसरे गुन्हे शाबीत झालेले आहेत. पण खटलाच नसेल तर निर्दोष ठरायची सोयही उरत नाही.

आणि त्या आईवडिलांचे काय? तुमची मुलगी गेली असे आम्हाला वाटते, एवढे एका परक्या देशाच्या वकिलाने सांगितले. कसे, कुठे, कोणी, ते न्यायालयात ऐकायला ते अजून थांबलेलेच.