पाच मिनिटांची झोप

एखादी फळमाशी पाच मिनिटं जागची हलली नाही, की ती झोपली असं आम्ही धरतो. हे ऐकून लोक हसतात. पण जगभरातल्या प्रयोगशाळांत माशांच्या झोपेचा हिशेब याच पाच मिनिटांवर चालतो. २००० साली अमेरिकेतल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की ड्रॉसोफिला ही तिळाएवढी माशी खरोखर झोपते. अशा वेळी तिला हलवायला जास्त जोराचा धक्का लागतो, रात्रभर जागवलं तर दुसऱ्या दिवशी ती भरपाई करते, आणि कॅफीन दिलं तर तिचीही झोप उडते. मी या क्षेत्रात शिरले ती साधारण त्याच सुमारास.

हत्यारं साधी आहेत. साडेसहा सेंटीमीटर लांबीची, पेन्सिलीहून बारीक काचेची नळी. एका टोकाला खाणं, दुसऱ्या टोकाला कापसाचा बोळा, आत एकटी माशी. अशा बत्तीस नळ्या एका यंत्रात बसतात. नळीच्या मध्यावरून अवरक्त किरण जातो, माशीने तो ओलांडला की एक आकडा पडतो. अंधारात काम करायचं तर मंद तांबडा दिवा लावायचा, कारण तांबडा प्रकाश माशीला जवळजवळ दिसतच नाही. माशा वाढवायला बंगळुरात केळं-गुळाचं मिश्रण वापरायची पद्धत आहे. ते शिजताना नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी भूक लागते. महिन्याभरात तो शिकरण खायचं सोडतो.

खरं कसब आकडे वाचण्यात आहे. मेलेली माशी यंत्राच्या लेखी आदर्श झोपाळू असते. म्हणून प्रयोग संपला की प्रत्येक नळी डोळ्यांनी तपासायची, कोण कधी गेलं ते ठरवायचं आणि तिथपासूनचे आकडे टाकून द्यायचे. खाण्याच्या टोकाशी बसून पाय चोळत राहिलेली माशी किरण ओलांडत नाही, तीही झोपलेली धरली जाते. कॅमेरा लावला की हे उघडं पडतं आणि झोपेचे तास कमी होतात. माणसाच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या लहरी रात्रभर पाहता येतात. इथे बंगळुरातच, निमहान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांवरच्या संस्थेत ते चालतं. माशीच्या बाबतीत आमच्या हाती बहुतेक वेळा फक्त तिचं न हलणं येतं. त्यावरून झोप ओळखायची म्हणजे अनुमानच, आणि हे विसरणारा माणूस या धंद्यात फार सुंदर आलेख काढतो.

मी राहते यशवंतपूरला. स्टेशन, मेट्रो, तुमकूर रस्ता आणि एपीएमसीचं यार्ड यांच्या मधल्या भागात. नाशिक-नगरकडचा कांदा ट्रकमधून इथे येतो, त्यामुळे पहाटे चहाच्या टपरीवर घरची मराठी कानावर पडते. एकदा एका ड्रायव्हरदादांना कुणीतरी सांगितलं की या बाई झोपेच्या डॉक्टर आहेत. ते म्हणाले, “ताई, एखादी गोळी लिहून द्या. झोप येते हो, पण वेळेवर येत नाही.”

मी त्या अर्थाची डॉक्टर नाही, हे त्यांना पटवताना माझा चहा निवला. पण अलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञाने १९८२ साली जे मॉडेल मांडलं, ते दादांनी एका वाक्यात सांगून टाकलं होतं. झोपेला दोन गोष्टी चालवतात. एक म्हणजे जागेपणाची उधारी: जितकं जागाल तितकी ती चढते. दुसरं शरीरातलं घड्याळ, जे उधारी किती आहे हे न पाहता आपल्या वेळेला दार उघडतं आणि बंद करतं. रात्रभर गाडी हाकून सकाळी नऊला आडवा झालेला माणूस उधारीने पिचलेला असतो, पण घड्याळ म्हणत असतं, ऊठ, उजाडलं. मग दोन-तीन तासांत डोळे उघडतात. नगरहून यशवंतपूरपर्यंत गाडी हाकणाऱ्याला हे सांगून काय फायदा, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००७ साली घड्याळ बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. यार्डातल्या हमालाच्या मजुरीवर त्याचा काही परिणाम झाल्याचं मी पाहिलेलं नाही.

घड्याळ किती चिवट असतं याचा सगळ्यात भक्कम पुरावा इथून जवळच, जक्कूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात आहे. तिथे अमिताभ जोशी यांच्या प्रयोगशाळेत माशांच्या वसाहती पिढ्यानपिढ्या सतत उजेडात वाढवल्या जात होत्या. रात्र नाहीच. १९९९ साली शीबा वासू आणि सहकाऱ्यांनी अशा सहाशे पिढ्यांनंतरच्या माशा तपासल्या, तर कोशातून बाहेर पडण्याची त्यांची लय शाबूत होती. २००३ साली धनश्री परांजपे आणि सहकाऱ्यांनी सातशेच्या वर पिढ्या गेल्यावर पाहिलं, की उजेड-अंधाराचं चक्र दिलं की या माशा अजूनही त्याच्याशी जुळवून घेतात. माणसाच्या हिशेबात सातशे पिढ्या म्हणजे शेतीच्याही आधीचा काळ.

न वापरलेली वस्तू इतके दिवस का टिकावी? काहींच्या मते घड्याळ मोडायला इतक्या पिढ्या पुरत नाहीत, एवढंच. मला ते पुरेसं वाटत नाही. बाहेर दिवस-रात्र नसली तरी पचन, वाढ, अंडी घालणं या आतल्या कामांना एकमेकांच्या वेळा माहीत असाव्या लागतात. घड्याळ बाहेरच्या उजेडापेक्षा आतल्या व्यवस्थेसाठी अधिक गरजेचं असावं, असा माझा कल आहे. सिद्ध झालेलं मात्र नाही.

जक्कूरच्या याच केंद्रात नंतर आलेले शास्त्रज्ञ एम. के. चंद्रशेखरन यांनी आधी मदुराईत वटवाघळांवर काम केलं होतं. अंधाऱ्या गुहेत पिंजऱ्यात ठेवलेलं वटवाघूळ सूर्य न पाहताही वेळ पाळत होतं, कारण सोबतचे मोकळे भाऊबंद संध्याकाळी बाहेर पडत आणि पहाटे परतत. १९८१ साली ते प्रसिद्ध झालं. एकटं पडलं की त्याचा दिवस हळूहळू सरकू लागे. यार्डात काम करणारा प्रत्येक जण हे जाणतो. तिथे सूर्यापेक्षा गाड्यांच्या येण्यावर वेळ ठरते.

माझा स्वतःचा जीव अडकलाय तो दुपारवर. प्रयोगशाळेतली माशी, त्यातही नर, दुपारी छान झोपते: २५ अंश तापमान, बारा तास उजेड, बारा तास अंधार, आणि मधोमध पुणेकरालाही हेवा वाटेल अशी वामकुक्षी. पण २०१३ साली जक्कूरच्याच गटाने नळ्या बाहेर, जवळजवळ नैसर्गिक हवामानात ठेवून पाहिल्या, तेव्हा सकाळ-संध्याकाळच्या जोडीला दुपारीही हालचालीचं शिखर दिसलं. दुपारचा लख्ख उजेड काढून घेतला की ते शिखर नाहीसं होतं. सकाळच्या धावपळीचा संबंध प्रियाराधनाशी होता, संध्याकाळच्या गडबडीचा प्रियाराधनाशी आणि खाण्याशी. दुपारच्या येरझाऱ्यांना असं काही ठरावीक काम दिसलं नाही, ती नुसतीच हालचाल होती.

म्हणजे आम्ही वर्षानुवर्षं मोजत आलो ती दुपारची झोप माशीची की आमच्या इन्क्युबेटरची? काही सहकारी उलट म्हणतात, की बाहेरच्या नळीत माशीला सावलीला पळायला जागा नाही, म्हणून ती तडफडते. मोकळी असती तर पानाखाली बसली असती. ही शंका रास्त आहे. माझी विद्यार्थिनी आता मोठ्या खोक्यात, पानं आणि सावली ठेवून, कॅमेऱ्याने हेच पाहू लागली आहे. बंगळुराचा एप्रिल तिला हवा आहे, कारण जूनमध्ये ढग आले की दुपार दुपारसारखी राहत नाही. पाच मिनिटांचा नियम खोक्यात लागू करायचा की नाही, यावर आमचा अजून वाद मिटलेला नाही. तिचं म्हणणं, पानाखाली निवांत बसलेल्या माशीला आधी हलकासा धक्का देऊन पाहू, मग ठरवू.