इतिहासाचा तास, बाजीराव रस्ता

मुलांना घरीच शिकवतो म्हटलं की लोक हमखास विचारतात, "मग इतिहासाचं काय?" मी सांगते, बाजीराव रस्त्यावर जातो. तिथल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिनकर केळकरांनी उभ्या आयुष्यात जमवलेल्या हजारो वस्तू आहेत, आणि नाव आहे त्यांच्या अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं. हे कळल्यावर धाकटी पाटीसमोरून हलेना.

आजचा निम्मा वेळ अडकित्त्यांपुढेच गेला. "आई, यात सुपारी कुठे धरायची?" थोरल्याने विचारलं. बिजागरीच्या जवळ धरली की जोर कमी लागतो, असं सांगता सांगता तरफेचा धडा तिथेच उरकला. शेजारून एक शाळेची सहल 'पुढे चला, पुढे चला' करत निघून गेली. पाय घासायच्या इतक्या नक्षीदार वज्र्या, पण बघायला सवड कुणाला! कोथरूडहून आणून उभारलेल्या मस्तानी महालात आम्ही मात्र रेंगाळलो नाही. देखणा आहे, पण आमच्या पोरांना वेड वापरातल्या वस्तूंचं.

प्रश्नपत्रिका घेऊन संग्रहालयात जाणं मला पटत नाही. मुलं उत्तरं शोधतात, वस्तू बघत नाहीत. जमलं तर मधल्या वारी जा, आणि एखादंच दालन बघा.