फोपनारचं कासव

माझी ताई लग्न होऊन फोपनारला गेली तेव्हा आमच्या बेळगावच्या घरात ते गाव कुणाला नकाशावर सापडेना. मध्य प्रदेश, जिल्हा बुऱ्हाणपूर. पण घराघरात बोली खानदेशी वळणाची. गोवा एक्स्प्रेसने भुसावळ, तिथून बुऱ्हाणपूर आणि मग केळीच्या बागांमधून गाव. १९६४ मध्ये इथे जमिनीखाली बुद्धाच्या सात कांस्यमूर्ती सापडल्या. त्या बघायला मात्र दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय गाठावं लागतं. "गावात आता दाखवायला केळीच," असं भावोजी हसून सांगतात.

गेल्या जूनमध्ये भाचीच्या लग्नाला गेलो होतो. रात्री पहिला पाऊस झाला आणि सकाळी बागेच्या वाटेवर ताटलीएवढं काहीतरी चिखलातून चाललेलं दिसलं. "आमे!" माझी लेक ओरडली. ती आजीच्या मांडीवर 'आमे मत्तु मोला' ऐकत वाढलेली. भाचा गोंधळला, "आम्ही? आम्ही काय केलं?" दोघं हसून लोळले, कासव तेवढ्यात निम्मी वाट चाललं होतं.

इंग्रजीत याला फ्लॅपशेल म्हणतात. पोटाच्या कवचाला मागे दोन झडपा असतात, पाय आत ओढले की दारं बंद. डबकं आटलं की हे चिखलात स्वतःला गाडून घेतं आणि पावसाची वाट बघत पडून राहतं. गोगलगायी, किडे, मेलेले मासे खाऊन पाणी स्वच्छ ठेवतं.

ताईने बादली आणली. "ने घरी, पोरगी खूश होईल. घरात कासव शुभ असतं."

मी नको म्हटलं, जरा जास्तच जोरात. दहा वर्षांपूर्वी शुभ म्हणूनच एका दुकानातून असंच कासव आम्ही आणलं होतं. काचेच्या पेटीत ठेवलं. त्याने खाणं सोडलं, अंग मऊ पडलं, तिसऱ्या महिन्यात गेलं. सासूबाईंना वाईट वाटू नये म्हणून विहिरीत सोडल्याचं सांगितलं. हे कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, पकडणाऱ्याला तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते, हे मला तेव्हा ठाऊकही नव्हतं.

ताईच्या सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "पान्यातलं हाय ते, पान्यातच राहू दे." पूर्वी पाट साफ करताना कुदळीला कासवं लागायची, आता ठिबकच्या नळ्या आल्या, पाट गेले. ठिबकला नावं ठेवायची माझी हिंमत नाही, तिथल्या विहिरींचे तळ मी पाहिलेत. पण मग कासवाला उरतो तो बांधाकडचा नाला, आणि तोही मशीन लावून खोल करायचा बेत होता. लेकीने आणि भाच्याने भावोजींना जेवणापर्यंत छळलं. शेवटी वळणावरचा लव्हाळ्याचा तुकडा तसाच ठेवायचं त्यांनी कबूल केलं. कासव आम्ही तिथेच सोडलं.

परतीच्या गाडीत वाचताना एक गोष्ट कळली. खरं दुर्मीळ कासव आपल्याच पाण्यातलं आहे. लीथचं मऊ पाठीचं कासव: पाठीवर चामड्यासारखी कातडी, नळीसारखं नाक. जॉन ग्रे या शास्त्रज्ञाने १८७२ मध्ये पुण्याच्या नमुन्यावरून त्याचं वर्णन केलं आणि मुंबईच्या डॉक्टर लीथ यांचं नाव त्याला दिलं. पुण्याचं पाणी भीमेला, भीमेचं कृष्णेला. आज ते अतिसंकटग्रस्त यादीत आहे. भारताच्या प्रस्तावावरून नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामाच्या परिषदेत त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. जाळी आणि वाळूउपसा मात्र इथलेच. तुम्ही नदीकाठी राहत असाल तर सकाळच्या उन्हात खडकांकडे लांबूनच, न हलता बघा. दिसलं तर फोटो काढा, पण जागेचा पत्ता मोबाईलवरून गावभर करू नका. गिऱ्हाईकंही तेच वाचतात.

घरी पोचल्यावर लेकीने आजीला सगळं सांगितलं, बादलीसकट. मग मीच सासूबाईंजवळ बसले आणि विहिरीची गोष्ट खरी सांगून टाकली.

"गोत्तित्तु," त्या म्हणाल्या, आणि शेंगा सोलत राहिल्या.