चाकांच्या खुर्चीसाठीं घर

अपंग माणसाच्या सोयीसाठीं घरांत जे फेरफार करावे लागतात, त्यांतील वाईट कामाचा परिणाम इतर कामांहून निराळा असतो, हें गेल्या वर्षीं साताऱ्यास माझ्या आत्याबाईंच्या घरीं मला जवळून पाहावयास मिळालें. गिलावा वांकडा झाला तर डोळ्यांस खुपतो, छप्पर गळलें तर खालीं पातेलें ठेवतां येतें. परंतु ज्याला पायांचा आधार नाहीं, त्याच्या हातांतील दांडी निखळली तर तो फरशीवर आपटतो. तेथें पातेल्यानें भागत नाहीं.

आत्याबाई लहानपणीं पोलिओनें अधू झाल्या. कुबड्यांवर उभें राहून त्यांनीं २७ वर्षें शाळेंत शिकविलें. पुढें खांदे दुखूं लागले आणि चाकांची खुर्ची घरांत आली. घर जुनें, दीड फूट उंच जोत्याचें. तेव्हां पायऱ्यांच्या जागीं उतार, न्हाणीघराचा रुंद दरवाजा आणि आंत आधाराच्या दांड्या, अशीं तीन कामें एका ठेकेदारास दिलीं.

काम तीन आठवड्यांत झालें आणि दिसावयास सुरेख होतें. उतारावरची चकचकीत फरशी पाहून शेजारणींनीं तोंड भरून कौतुक केलें. आत्याबाईंनीं मात्र टेप मागविली. चढ १८ इंच आणि उताराची लांबी अवघी ६ फूट! केंद्र सरकारच्या २०२१ सालच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणें १ फूट चढास निदान १२ फूट लांबी हवी. म्हणजे येथें १८ फूट. त्या सूचना मुख्यतः सार्वजनिक इमारतींसाठीं आहेत हें खरें. पण मनगटांतील जोर घरीं आणि कचेरींत सारखाच असतो.

न्हाणीघरांत तर याहून कठीण प्रकार होता. दांडीचे स्क्रू नुसत्या गिलाव्यांत बसविलेले. मीं दोन्ही हातांनीं ओढली, तों ती गिट्ट्यांसकट हातांत आली. पाणी मोरीकडे न जातां दाराकडे वाही. दरवाजा रुंद केला होता खरा, पण पल्ला उघडल्यावर मोकळी वाट २७ इंच राही आणि खुर्ची २५ इंचांची. मग चाकें फिरविणाऱ्या बोटांनीं जावें कोठून?

ठेकेदारास बोलावून हें दाखविलें, तेव्हां तो सहज म्हणाला, “बाई, ढकलावयास घरचें कोणीतरी असेलच कीं!” मला वाटतें, साऱ्या चुकांचें मूळ या एका वाक्यांत होतें. तो लबाड नव्हता. खुर्चींतील माणूस एकटें बाहेर जाईल, एकटें स्नान करील, ही कल्पनाच त्याच्या मनांत कधीं आली नव्हती. आत्याबाईंना तर नेमकें तेंच हवें होतें. त्या रागावल्या नाहींत. सरकून ओटीवरच्या बाकावर बसल्या आणि खुर्ची खालीं अंगणांत नेववून त्याला म्हणाल्या, “आतां तुम्ही बसा, आणि वर या.” भला धट्टाकट्टा माणूस, पण मध्यावर येतांच पुढचीं चाकें उचललीं गेलीं आणि मागें उभ्या असलेल्या मजुरानें धरलें म्हणून तो उलथा पडला नाहीं. खालीं उतरल्यावर तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं.

तरीही दुसऱ्या दिवसापासून त्याचें येणें बंद झालें. आत्याबाईंनीं दोन गोष्टी आधींच करून ठेवल्या होत्या. एकतृतीयांश रक्कम राखून ठेवली होती. आणि अंदाजपत्रकांत नुसतीं मापें न लिहितां “खुर्चींतील व्यक्तीस एकटीनें वर जातां येईल असा उतार” असें लिहून त्यावर त्याची सही घेतली होती. आतां त्यांनीं प्रत्येक दोष मापासह मांडला, तारखेसह छायाचित्रें जोडलीं आणि १५ दिवसांच्या मुदतीचें पत्र रजिस्टर टपालानें धाडलें. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं अशा कामाबद्दल दोन वर्षांच्या आंत जिल्हा आयोगाकडे तक्रार करतां येते. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाहीं, आणि वकीलही लागतोच असें नाहीं. हेंही पत्रांत शांतपणें नमूद केलें होतें.

११ व्या दिवशीं ठेकेदार आला. उतार फोडून अंगणाच्या कोपऱ्यांत वळविला, ९ फुटांचे दोन भाग केले आणि मध्यें खुर्ची वळावयास ५ फुटांची सपाट जागा ठेवली. वर न घासलेली शहाबादी फरशी. दांड्या विटांच्या भिंतींतून आरपार बोल्ट घालून, पलीकडे लोखंडी पट्टी देऊन बसविल्या आणि त्या लावणारा मिस्त्री स्वतः त्यांना लोंबकळला. मोरीचा ढाळही सुधारला. शहाबादीचे पैसे मात्र आत्याबाईंनीं दिले. तें मला अजून पटलेलें नाहीं.

आतां न्हाणीघराचा दरवाजा तेवढा राहिला आहे. वाट रुंद झाली, पण पल्ला आंत उघडतो. आंतलें माणूस दाराशीं पडलें तर बाहेरच्यास दार लोटतां यावयाचें नाहीं. सुतार पुढील आठवड्यांत येणार आहे. त्याच्यासाठीं आत्याबाईंनीं कागद लिहून ठेवला आहे, आणि खुर्चीही रिकामी ठेवणार आहेत.